घुसळण आणि लोणी : अमेरिकेतील क्रेडिट कार्ड-बक्षिसांच्या छंदाचा इतिहास

प्रस्तावना

टपाल तिकिटे, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरील चित्रे यांच्या संग्रहाचा छंद आपल्याला परिचित आहे. गेल्या चार दशकांत अमेरिकेत मात्र असा एक छंद रूढ झाला, की ज्यात संग्राहकाजवळ चारचौघांत दाखविण्यासारखे काहीच नसते. नवे क्रेडिट कार्ड घ्यावयाचे, पहिल्या तीन महिन्यांत बँकेने ठरवून दिलेला खर्च पुरा करावयाचा, साइन-अप बोनस म्हणून मिळणारे पॉइंट अथवा विमानप्रवासाचे मैल पदरात पाडून घ्यावयाचे, दुसऱ्या वर्षाची फी लागण्याच्या सुमारास कार्ड बंद करावयाचे आणि पुढच्या कार्डाकडे वळावयाचे, असा हा क्रम. या मंडळींच्या बोलीत त्याला 'चर्निंग' म्हणतात. चर्निंग म्हणजे घुसळण. शब्द कोणी योजला असेल तो असो, परंतु मराठी वाचकाच्या मनात त्याने लगेच रवी, डेरा आणि लोण्याचा गोळा उभा राहतो, आणि त्याबरोबर एक साधा प्रश्नही उभा राहतो : घुसळणाऱ्याला लोणी मिळाले खरे, पण डेऱ्यातील दूध कोणाच्या गोठ्यातून आले?

प्रस्तुत निबंधात याच प्रश्नाच्या अनुषंगाने या छंदाचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी कार्डव्यवहारांच्या शुल्काचा विचार पुष्कळ केला आहे. छंदिष्टांकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. एखादी आर्थिक व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते, हे तिच्या चालकांपेक्षा तिच्यातील फटी शोधणाऱ्यांना पुष्कळदा अधिक नेमके ठाऊक असते, आणि म्हणून हा वरवर क्षुल्लक वाटणारा विषय अभ्यासास योग्य आहे, अशी लेखकाची भूमिका आहे. विषय अमेरिकेचा असल्याने विवेचनही बहुतांशी तेथीलच आहे.

हिरव्या तिकिटांचे राज्य

खरेदीवर बक्षीस देण्याची कल्पना क्रेडिट कार्डाहून बरीच जुनी आहे. १८९१ मध्ये मिलवॉकी शहरातील शुस्टर या दुकानाने रोखीने खरेदी करणाऱ्या ग्राहकांना लहान तिकिटे देण्यास आरंभ केला. उधारीने माल नेणाऱ्यांपेक्षा रोख मोजणाऱ्याला काही तरी जास्त मिळावे, हा त्यामागील हेतू होता. (पुढे याच बक्षिसाची गंगा उलटी वाहू लागली आणि उधारीवाल्याला बक्षीस व रोखीवाल्याला काहीच नाही अशी स्थिती आली, हा इतिहासाचा विनोद येथेच नोंदवून ठेवतो.) १८९६ मध्ये थॉमस स्पेरी आणि शेली हचिन्सन यांनी या कल्पनेचा स्वतंत्र व्यवसाय केला. त्यांची कंपनी स्वतः किराणा विकत नसे. ती दुकानदारांना तिकिटे विकत असे. दुकानदार दहा सेंटच्या खरेदीमागे एक याप्रमाणे ती ग्राहकाला देई. ग्राहक ती घरी नेऊन पुस्तिकेत चिकटवी, आणि पुस्तिका भरल्या की कंपनीच्या केंद्रावर जाऊन दिवा, टोस्टर, चादरी अशी वस्तू घेऊन येई. तिकिटांच्या रंगावरून 'हिरवी तिकिटे' हेच नाव सर्वतोमुखी झाले.

या व्यवस्थेचे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व इतिहास त्याच गणिताचा विस्तार आहे. एका पुस्तिकेत १,२०० तिकिटे मावत. म्हणजे एक पुस्तिका भरण्यास १२० डॉलरची खरेदी करावी लागे. दुकानदाराला तिकिटांपायी विक्रीच्या साधारण दोन टक्के रक्कम मोजावी लागे, म्हणजे एका पुस्तिकेमागे दोन-अडीच डॉलर. ही रक्कम तो कोठून आणणार? गावात एकच दुकान तिकिटे देत असेल तोवर गिऱ्हाईक त्याच्याकडे वळते, खप वाढतो आणि खर्च भरून निघतो. परंतु शेजारच्या दुकानानेही तिकिटे सुरू केली की दोघांचा लाभ परस्परांत विरतो आणि खर्च तेवढा मागे राहतो. तो खर्च शेवटी मालाच्या किमतीत जाऊन बसतो. मग तिकिटे न घेणाऱ्याने, किंवा घेऊन स्वयंपाकघराच्या फडताळात विसरणाऱ्याने, ती जपून चिकटविणाऱ्याच्या टोस्टरचे पैसे काही अंशी भरलेले असतात.

ही गोष्ट तत्कालीन लोकांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. अनेक राज्यांनी तिकिटांवर कर बसविले, निर्बंध घातले. १९१६ मध्ये रास्ट विरुद्ध व्हॅन डेमन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडा राज्याचा असा कर वैध ठरविला. विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या गुणावर न विसंबता दुसऱ्याच कशाच्या तरी आमिषावर चालणारा हा व्यापार न्यायालयाला संशयास्पद वाटला होता. तरीही तिकिटे टिकली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सुपरमार्केटांच्या स्पर्धेत तर त्यांना उधाण आले. १९६० च्या दशकात या कंपनीच्या तिकिटांची छपाई अमेरिकन टपाल खात्याच्या तिकिटांच्या तिप्पट आहे, असे सांगितले जाई.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या कालखंडातील दोन घटना विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली घटना ऑक्टोबर १९६६ मधील. कोलोराडो राज्यातील डेन्व्हर येथे गृहिणींनी वाढत्या महागाईविरुद्ध सुपरमार्केटांवर बहिष्कार टाकला आणि ही चळवळ पाहता पाहता इतर शहरांत पसरली. दुकानांपुढे फलक घेऊन उभ्या राहिलेल्या या स्त्रियांचा रोख किमतींबरोबरच तिकिटांवर आणि सोडतींसारख्या खेळांवरही होता. तिकिटे बंद करा आणि भाव उतरवा, अशी मागणी त्या करीत होत्या. बक्षिसाचा खर्च भावात दडलेला आहे, हे ओळखण्यासाठी त्यांना कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाची गरज लागली नाही. तिकीट डोळ्यांना दिसत होते, हाताला लागत होते, आणि म्हणूनच त्याच्या किमतीबद्दल भांडता येत होते.

दुसरी घटना न्यायालयीन आहे. निरनिराळ्या कंपन्यांची तिकिटे आपसांत बदलून देणारे किंवा रोखीने विकत घेणारे मध्यस्थ ठिकठिकाणी उभे राहिले होते. छंद म्हणून तिकिटे जमविणाऱ्यांची त्यामुळे मोठी सोय होई. कंपनीला मात्र हे मंजूर नव्हते. तिकिटे आपल्या मालकीची आहेत, ग्राहकाला ती केवळ आपल्याच केंद्रावर वटविण्याचा अधिकार आहे, असे तिचे म्हणणे होते आणि अशा मध्यस्थांना तिने न्यायालयात खेचले. फेडरल ट्रेड कमिशनने या वर्तनास आक्षेप घेतला. १९७२ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायालयाने ग्राहकांवरील अन्यायाचा विचार करण्याचा कमिशनचा अधिकार मान्य केला, परंतु कमिशनचा तो विशिष्ट आदेश होता तसा उचलून धरला नाही. जमविलेले तिकीट नेमके कोणाचे, हा वाद त्यामुळे पुरता मिटला नाही. पुढे विमान-मैलांच्या संदर्भात तो पुन्हा उद्भवला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पंपांनी आणि भावाच्या स्पर्धेत उतरलेल्या किराणा दुकानांनी तिकिटे देणे सोडले, आणि हा व्यवसाय ओसरला.

पत, व्याज आणि वटाव

१८ सप्टेंबर १९५८ रोजी बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६० हजार क्रेडिट कार्डे टपालाने पाठविली. कोणी अर्ज केला नव्हता, मागणी केली नव्हती. कार्ड थेट घरात येऊन पडले. त्यामागचे कारण व्यावहारिक होते. ग्राहकांजवळ कार्डे नसतील तर दुकानदार ती स्वीकारणार नाही आणि दुकानदार स्वीकारत नसेल तर ग्राहक कार्ड घेणार नाही. हा पेच बँकेने एका फटक्यात सोडविला. परंतु त्याची किंमतही मोजली. थकबाकी चार टक्के राहील असा अंदाज होता, ती २२ टक्क्यांवर गेली. तोट्याचा अधिकृत आकडा ८८ लाख डॉलरचा होता आणि जाहिरात व इतर खर्च धरता तो दोन कोटींच्या घरात गेला. हेच कार्ड १९७६ पासून 'व्हिसा' या नावाने ओळखले जाऊ लागले. न मागता कार्डे पाठविण्यावर १९७० मध्ये कायद्याने बंदी आली.

येथे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने दोन प्रवाह लक्षात ठेवावे लागतात. पहिला प्रवाह वटावाचा. ग्राहकाने कार्डाने शंभर डॉलर दिले तरी दुकानदाराच्या खात्यात शंभर जमा होत नाहीत. दोन-तीन डॉलर बँका आणि कार्ड-कंपनी यांच्यात वाटले जातात. त्यातील मोठा हिस्सा इंटरचेंज शुल्क म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. हा वटाव म्हणजे हिरव्या तिकिटांच्या दोन टक्क्यांचाच नवा अवतार होय. भेद एवढाच, की तिकीट ग्राहकाला दिसे; वटाव केवळ दुकानदाराच्या हिशेबात दिसतो. दुसरा प्रवाह व्याजाचा. १९७८ च्या मार्केट नॅशनल बँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की बँकेला स्वतःच्या राज्यातील व्याजदर इतर राज्यांतील ग्राहकांनाही लावता येईल. साउथ डकोटा राज्याने व्याजावरील मर्यादा काढून टाकली आणि १९८१ मध्ये सिटी बँकेने आपला कार्ड-व्यवसाय तेथे हलविला. महिनाअखेर पूर्ण बिल न भरणाऱ्या ग्राहकाकडून भरपूर व्याज घेण्याचा मार्ग देशभर खुला झाला.

बँकांच्या दृष्टीने आता प्रत्येक नवा ग्राहक मौल्यवान होता. तो मिळविण्यासाठी काही तरी हातावर ठेवणे परवडणारे होते. बोनसाची पार्श्वभूमी ही आहे.

मैलांचे चलन

१९७८ या एकाच वर्षी आणखी एक निर्णय झाला. २४ ऑक्टोबर रोजी विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण सैल करणारा कायदा संमत झाला आणि विमान कंपन्यांना भाडे व मार्ग ठरविण्याची मोकळीक मिळाली. भावयुद्ध पेटले. ग्राहक टिकविण्याचे साधन म्हणून १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली 'ए-अडव्हांटेज' योजना जाहीर केली. सेबर या संगणकीय आरक्षण यंत्रणेत वारंवार आढळणारे दूरध्वनी क्रमांक शोधून नित्य प्रवास करणाऱ्यांची यादी काढण्यात आली होती. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सने तशीच योजना आणली. रिकामे जाणारे आसन बक्षीस म्हणून द्यावयाचे, म्हणजे कंपनीला खर्च जवळजवळ शून्य आणि प्रवाशाला मात्र शेकडो डॉलरचा लाभ, असा हा हिशेब होता.

निर्णायक वळण आले ते विमानात न बसताही मैल मिळू लागले तेव्हा. १९८६ मध्ये काँटिनेंटल एअरलाइन्सच्या नावाचे आणि १९८७ मध्ये सिटी बँक व अमेरिकन एअरलाइन्स यांचे संयुक्त कार्ड आले. डॉलरमागे एक मैल. बँक विमान कंपनीकडून मैल घाऊक दराने विकत घेई आणि ग्राहकाला वाटे. पैसा वटावातून आणि व्याजातून येई. १९८६ मध्येच आलेल्या डिस्कव्हर कार्डाने खर्चाचा अल्पसा भाग रोखीने परत देण्याची प्रथा पाडली. १९९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसनेही मैलांची योजना सुरू केली. याच काळात, १९८६ मध्ये, रँडी पीटरसन यांनी केवळ या योजनांना वाहिलेले 'इनसाइड फ्लायर' हे नियतकालिक काढले. एखाद्या छंदाला स्वतःचे नियतकालिक मिळाले की तो वैयक्तिक राहत नाही. त्याला परिभाषा, परंपरा आणि मानाची माणसे लाभतात.

मैल हे चलनासारखे वागू लागले, पण त्यांची टाकसाळ खासगी होती. २००५ च्या जानेवारीत 'द इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाने जगभरातील न वटविलेल्या मैलांची संख्या सुमारे १४ लाख कोटी आणि मूल्य ७० हजार कोटी डॉलरच्या आसपास धरून, चलनातील सर्व डॉलर नोटा-नाण्यांपेक्षा ते अधिक ठरते असा हिशेब मांडला होता. टाकसाळीचा मालक मात्र चलनाचे मोल केव्हाही घटवू शकत होता. १९९५ च्या वोलेन्स खटल्यात न्यायालयाने ग्राहकाला करारभंगाचा दावा करण्याची मुभा ठेवली, पण राज्याच्या ग्राहक-संरक्षण कायद्याचा आधार नाकारला. पुढे नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने वारंवार तक्रारी करणाऱ्या एका प्रवाशाला योजनेतून काढून टाकले, तेव्हा तो प्रवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये एकमताने निकाल त्याच्या विरोधात लागला. सद्भावनेने वागण्याच्या गर्भित बंधनाचा त्याचा दावा १९७८ च्याच कायद्यामुळे टिकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भाड्याची स्पर्धा मोकळी व्हावी म्हणून केलेला कायदा बक्षीस-योजनांची ढाल बनला. हिरव्या तिकिटांच्या बाबतीत १९७२ मध्ये अर्धवट राहिलेला मालकीचा प्रश्न असा बहुतांशी कंपन्यांच्या बाजूने सुटला.

छंदिष्टांचे पराक्रम

छंदाच्या इतिहासात एक कथा सर्वांना मुखोद्गत असते. १९९९ मध्ये हेल्दी चॉइस या खाद्यपदार्थांच्या कंपनीने दहा बारकोड पाठविणाऱ्यास ५०० मैल, आणि मेअखेरपर्यंत पाठविल्यास दुप्पट, अशी योजना जाहीर केली. कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स या अभियंत्याने शोध घेतला तेव्हा त्याच कंपनीचे पुडिंगचे छोटे डबे एका स्वस्त दुकानात अवघ्या २५ सेंटला मिळत असल्याचे त्याला आढळले. त्याने ३,१४० डॉलर खर्चून १२,१५० डबे घेतले. दुकानात विचारणा झाली तेव्हा २००० सालच्या संगणक-संकटासाठी साठा करीत असल्याचे त्याने सांगितले. एवढे बारकोड सोलणे कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून त्याने पुडिंग साल्वेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला देऊ केले, आणि तेथील स्वयंसेवकांनी त्या बदल्यात बारकोड काढून दिले. दानाबद्दल करसवलत मिळाली ती वेगळीच. मैल मिळाले साडेबारा लाख. २००२ च्या 'पंच-ड्रंक लव्ह' या चित्रपटातील एक उपकथानक याच घटनेवरून घेतलेले आहे.

ही कथा आवडीने सांगितली जाते याचे कारण तीत कोणाचेच नुकसान झालेले दिसत नाही. कंपनीने स्वतःच्या जाहिरातीचा खर्च केला, दुकानाचा माल खपला, गरजूंना पुडिंग मिळाले. या छंदाला स्वतःची अशीच प्रतिमा आवडते. चतुराईने लिहिलेल्या जाहिरातीतील बारीक अक्षर वाचणारा एकटा माणूस एका बाजूला आणि बलाढ्य कंपनी दुसऱ्या बाजूला.

त्यानंतरची गाजलेली घटना नाण्यांची आहे, आणि तिच्यात हे चित्र थोडे डागाळते. एक डॉलरची नाणी लोकांनी वापरावीत म्हणून अमेरिकेच्या टाकसाळीने २००८ पासून ती दर्शनी किमतीला, पाठवणीचा खर्च न आकारता घरपोच देण्यास सुरुवात केली. पैसे क्रेडिट कार्डाने भरता येत होते. छंदिष्टांनी नाण्यांच्या पेट्यांमागून पेट्या मागविल्या, त्या तशाच गाडीत घालून बँकेत नेल्या, खात्यात भरल्या आणि त्यातून कार्डाचे बिल चुकते केले. हातचे काहीही न जाता हजारो मैल जमा झाले. नाणी मात्र वेष्टनासह फेडरल रिझर्व्हच्या तिजोरीत परत गेली. येथे वाहतुकीचा आणि कार्डाच्या शुल्काचा भार सरळ सरकारी टाकसाळीवर पडत होता. टाकसाळीने २२ जुलै २०११ पासून या योजनेत कार्डे स्वीकारणे बंद केले. त्याच वर्षाच्या अखेरीस, सुमारे १४० कोटी नाणी तिजोऱ्यांत पडून असल्याने, राष्ट्राध्यक्षांच्या मालिकेतील नाणी चलनासाठी पाडणेही थांबविण्यात आले. या साठ्याचा दोष छंदिष्टांवर लादता येणार नाही. नोटेची सवय झालेल्या जनतेला नाणे नकोच होते. परंतु ज्या योजनेने नाणे चलनात यावयाचे, तिच्यातूनच ते तिजोरीत परतले, ही वस्तुस्थिती उरते.

नाण्यांची वाट बंद होताच गिफ्ट कार्डांची उघडली. क्रेडिट कार्डाने गिफ्ट कार्ड घ्यावयाचे, त्यातून मनिऑर्डर विकत घ्यावयाची, ती बँकेत भरावयाची आणि बिल फेडावयाचे. यालाच ही मंडळी 'मॅन्युफॅक्चर्ड स्पेंडिंग', म्हणजे मुद्दाम घडवून आणलेला खर्च, म्हणतात. एका दांपत्याने २०१३ व २०१४ या दोन वर्षांत अशा रीतीने कार्डावर ६४ लाख डॉलरहून अधिक व्यवहार केले आणि तीन लाखांहून अधिक डॉलर बक्षीस मिळविले. हे उत्पन्न आहे की किमतीतील सूट, असा प्रश्न कर न्यायालयापुढे आला. २०२१ मधील निर्णयात न्यायालयाने बारीक भेद केला. गिफ्ट कार्ड ही वस्तू आहे, म्हणून तिच्या खरेदीवरील बक्षीस ही सूट. सूट करपात्र नाही. थेट मनिऑर्डर घेणे म्हणजे पैशाने पैसाच घेणे. तेथे वस्तू नसल्याने सूटही नाही, म्हणून ते उत्पन्न. घुसळणीतून आलेल्या लोण्यावर कर लावताना न्यायालयालाही डेऱ्यात दूध आहे की नुसते पाणी, हे पाहावे लागले.

बँका या खेळात केवळ बळी होत्या असे समजण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये चेस बँकेने 'सफायर रिझर्व्ह' नावाचे कार्ड एक लाख पॉइंटांच्या बोनससह बाजारात आणले. मागणी इतकी उसळली की धातूची कार्डे अपुरी पडली. त्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत या एका कार्डामुळे नफ्यात २० ते ३० कोटी डॉलरची घट येईल, असे बँकेच्या प्रमुखांनी सांगितले. मात्र त्यात खंत नव्हती, पुढे हा पैसा भरून निघेल असा भरवसा होता. जानेवारी २०१७ मध्ये बोनस निम्म्यावर आला. त्याआधीच, गेल्या २४ महिन्यांत पाच किंवा अधिक नवी कार्डे घेणाऱ्यास नवे कार्ड न देण्याचा नियम या बँकेने लागू केला होता. घुसळणाऱ्यांना ओळखून दाराबाहेर ठेवावयाचे आणि त्यांच्या कथा ऐकून येणाऱ्या सामान्य ग्राहकाला आत घ्यावयाचे, असे हे धोरण दिसते. छंदिष्ट हा अशा रीतीने बँकेचा बिनपगारी जाहिरातदारही ठरतो.

दूध कोणाचे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याला आकड्यांत उत्तर दिले. दुकानदार रोख व कार्ड दोहोंसाठी एकच भाव ठेवतो आणि वटाव त्या भावात मिसळतो, हे गृहीत धरून त्यांनी हिशेब केला. रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला रोखीवाल्यांकडून १,१३३ डॉलर मिळतात. बक्षिसे जमेस धरून उत्पन्नानुसार पाहिले तर वार्षिक २० हजार डॉलर वा त्याहून कमी मिळविणारे कुटुंब २१ डॉलर गमावते आणि दीड लाखांच्या वरचे कुटुंब ७५० डॉलर मिळविते. गोठा कोणाचा, ते येथे स्पष्ट होते. फेडरल रिझर्व्हच्या २०२३ मधील आणखी एका शोधनिबंधाने कार्डधारकांच्या आपसांतील हस्तांतरण तपासले आणि ते वर्षाला सुमारे १,५०० कोटी डॉलरचे असल्याचे मांडले. कमी शिकलेल्या, गरीब आणि अल्पसंख्याकांच्या वस्त्यांकडून ते अधिक शिकलेल्या व सधन वस्त्यांकडे जाते. हा दुसरा प्रवाह व्याजाचा आहे. बिल थकविणारा बिल चुकविणाऱ्याला पोसतो.

छंदाचा पहिला नियम येथे आठवावा लागेल. कधीही व्याज भरावयाचे नाही. छंदिष्टांत तो जवळजवळ धर्माज्ञेसारखा पाळला जातो, आणि वैयक्तिक शहाणपण म्हणून तो निर्दोष आहे. परंतु सर्वांनीच तो पाळला तर बोनसाचा एक मोठा झरा आटेल, हेही तितकेच खरे. हिरवी तिकिटे कोणीही जमवू शकत असे; पुस्तिका आणि डिंक पुरेसा होता. कार्डांच्या छंदाला उत्तम क्रेडिट स्कोअर, स्थिर उत्पन्न आणि तीन महिन्यांत चार हजार डॉलर खर्च करण्याची ऐपत लागते. संग्राहकाचा वर्ग बदलला, हा या इतिहासातील सर्वांत मोठा बदल आहे असे लेखकाला वाटते. छंदिष्टाला चोर म्हणण्यात मात्र अर्थ नाही. करार बँकेने लिहिला, त्याने फक्त तो शेवटपर्यंत वाचला.

झरा आटविता येतो याचे दाखले इतरत्र आहेत. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये इंटरचेंज शुल्क सुमारे निम्म्यावर आणले आणि तेथील बक्षिसे रोडावली. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्के व डेबिट कार्डासाठी ०.२ टक्के ही कमाल मर्यादा घातली. खुद्द अमेरिकेत २०१० च्या कायद्यातील डर्बिन दुरुस्तीने मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांचे शुल्क मर्यादित केले आणि २०११ नंतर डेबिट कार्डांवरील बक्षिसे बहुतांशी लोप पावली. क्रेडिट कार्डांना तेथे हात लागला नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवर व्यापाऱ्याकडून वटाव घेतला जात नाही. भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देताना पॉइंट मिळत नाहीत, क्रेडिट कार्डाने देताना मिळतात, यामागील कारणही तेच. मुंबई-पुण्यातही हा छंद आता रुजला आहे, आणि घरभाड्याच्या नावाने कार्डावर रकमा फिरविण्याची युक्ती येथेही निघाली. २०२२ पासून काही बँकांनी अशा व्यवहारांवर एक टक्का शुल्क लावले, ते त्यामुळेच.

राहतो प्रश्न डेन्व्हरचा. १९६६ मध्ये दोन टक्क्यांच्या तिकिटांविरुद्ध गृहिणी रस्त्यावर आल्या. तेवढ्याच किंवा अधिक वटावाविरुद्ध पुढे तसा बहिष्कार का झाला नाही? दुकानदार न्यायालयात जात राहिले, ग्राहक गेला नाही. एक कारण असे, की भाव दिसण्याचा मार्गच दीर्घकाळ बंद होता. कार्डाने देणाऱ्याकडून जास्त पैसे घेऊ नयेत, असे आधी कायद्याने आणि तो १९८४ मध्ये संपल्यावर कार्ड-कंपन्यांच्या नियमांनी दुकानदाराला बजावले होते. व्हिसा व मास्टरकार्ड यांचे हे नियम २०१३ मध्ये सैल झाले. २०१८ मध्ये मात्र अमेरिकन एक्सप्रेसविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, ग्राहकाला स्वस्त कार्डाकडे वळविण्यास दुकानदाराला मनाई करणारी त्या कंपनीची अट पाच विरुद्ध चार मतांनी कायम राखली. रोखीवर सूट देण्याची मुभा १९७० च्या दशकापासून होती, परंतु किराणा दुकानांनी ती क्वचितच वापरली. पेट्रोल पंपांनी वापरली. तेथील अनेक पंपांवर आजही उंच फलकावर दोन भाव लिहिलेले आढळतात, वर रोखीचा आणि खाली काही सेंटनी चढा असा कार्डाचा.